मँचेस्टरने वगळलेल्या दगडी पाट्या

सांडपाण्याचा नवा प्लँट सुरू करताना मीडियाच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांच्या, गोण्या फोडून एरेशन टँकमध्ये ओतल्या, की पुढचे काही दिवस सोसायटीच्या कमिटीतलं कुणी ना कुणी तळघरात उतरतं, टाकीत डोकावतं आणि विचारतं, "मॅडम, हे सगळं वरच तरंगतंय. माल खराब आहे का?" माल खराब नसतो. कोऱ्या प्लॅस्टिकला पाणी चिकटत नाही. ब्लोअर कितीही चालवा, ती छोटी चाकं फिरून वर येतात आणि पृष्ठभागावर दाटी करून बसतात. मग आमचे ऑपरेटर काका शेण कालवून टाकतात, चालू प्लँटमधला स्लज टँकरने मागवतात, थोडा गूळ, थोडा युरिया, थोडं डीएपी पडतं. काही आठवड्यांत पांढरा फेस ओसरतो, चाकांच्या आतल्या कप्प्यांत तपकिरी थर धरतो आणि तीच चाकं पाण्याबरोबर खालवर घुमू लागतात. असा मीडिया मुठीत घेऊन वास घेतला तर ओल्या मातीचा वास येतो. तो वास आला की मी निर्धास्त होते.

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांचे सांडपाणी प्रकल्प उभे करणं आणि बिघडलेले सुधारणं, हे माझं काम. त्यातले बरेच प्लँट 'एमबीबीआर' पद्धतीचे असतात, म्हणजे मूव्हिंग बेड बायोफिल्म रिअॅक्टर. ही अक्षरं आता फ्लॅटच्या जाहिरातपत्रकातही दिसतात. पद्धत कुठून आली असं विचारलं तर 'नॉर्वेतून' असं उत्तर मिळतं. उत्तर बरोबर आहे, पण त्यात गोष्टीचा शेवटचा भाग तेवढा येतो. माझ्या मते ही गोष्ट १९१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत फुटलेल्या फाट्याची आहे. एक वाट जगभर गेली. दुसरी जवळपास पाऊण शतक दुर्लक्षित राहिली आणि मग थंड पाण्याच्या एका देशाने गरजेपोटी ती पुन्हा शोधली.

ओढ्यातल्या दगडावरून ज्याचा पाय घसरला आहे त्याला तो बुळबुळीत थर ठाऊक आहे. तो जिवाणूंचा थर असतो. वाहत्या पाण्यातली घाण तो खातो, पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो आणि जाड झाला की सुटून वाहून जातो. नदी स्वतःला साफ करते असं आपण म्हणतो त्यातलं बरंचसं काम हा थर करत असतो. पण हे काम सजीवांचं आहे हे माणसाला फार उशिरा कळलं. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी सडली की तिच्या काठावरच्या संसदेला काम करणं कठीण झालं. त्यानंतरही कितीतरी वर्षं वैज्ञानिक सांडपाण्याकडे रसायन म्हणूनच बघत होते. १८६८ मध्ये नेमलेल्या नदी-प्रदूषण आयोगासाठी एडवर्ड फ्रँकलंड यांनी खडी आणि मातीच्या थरांतून मैलापाणी थांबून-थांबून सोडलं. मध्ये विश्रांती दिली, थरांत हवा शिरू दिली, तर पाणी स्वच्छ उतरतं हे त्यांनी दाखवलं. पण ते का होतं, याचा उलगडा त्यांना झाला नाही.

तो उलगडा १८७७ मध्ये पॅरिसमध्ये झाला, आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ यांनी एका लांब काचनळीत भाजलेली वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि तीतून मैलापाणी अगदी सावकाश पाझरत ठेवलं. सुमारे वीस दिवस काही घडलं नाही. जसा अमोनिया आत जाई तसाच बाहेर येई. मग हळूहळू अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. ही क्रिया निव्वळ रासायनिक असती तर पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवस कुणीतरी आत वाढत होतं. खात्री करून घ्यायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी क्रिया थांबली. वाफ काढून घेतल्यावरही ती परत सुरू होईना. ताज्या मातीचं थोडं पाणी ओतल्यावर मात्र काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा दिसू लागलं. आमचे काका नव्या टाकीत शेण कालवतात तेव्हा त्या मातीच्या पाण्याचंच काम करत असतात. आणि कमिटीचे लोक पहिल्या आठवड्यात पाण्याचा रिपोर्ट मागतात तेव्हा मी त्यांना या वीस दिवसांची हकीकत सांगते.

पुढची जागा लॉरेन्स. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी वसलेलं गिरण्यांचं गाव. वरच्या गावांचं मैलापाणी नदीत, आणि खालच्या गावांचं पिण्याचं पाणी त्याच नदीतून, त्यामुळे विषमज्वराने माणसं मरत. राज्याच्या आरोग्य मंडळाने १८८७ मध्ये तिथे एक प्रयोग केंद्र काढलं. हायरम मिल्स या अभियंत्याच्या देखरेखीखाली मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाळू, माती, खडी असे वेगवेगळे थर भरून त्यांवर सांडपाणी सोडलं जाई आणि खालून येणाऱ्या पाण्याची रोज तपासणी होई. त्यातल्या काही टाक्यांत खडी इतकी मोठी होती की तिच्यातून काहीच गाळलं जाणं शक्य नव्हतं. तरी पाणी शुद्ध होऊन उतरत होतं. याचा अर्थ काम गाळण्याचं नव्हतंच. खडीच्या अंगावर धरलेला थर आणि खड्यांच्या फटींतली हवा, एवढ्यावर सगळं चाललं होतं. १८९० च्या अहवालात हे आलं आणि जगभरच्या नगर-अभियंत्यांनी ते वाचलं. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड इथे जोसेफ कॉर्बेट यांनी १८९३ पासून दगडांच्या थरावर सांडपाणी वरून शिंपडायला सुरुवात केली. फिरत्या नळ्यांतून गोल दगडी थरावर पाणी शिंपडणारे जे ट्रिकलिंग फिल्टर जुन्या कॉलेजांच्या पुस्तकांत दिसतात, त्यांची सुरुवात ही.

आपल्याकडेही त्या काळात जिवाणूंकडून काम करून घेण्याचा एक धाडसी प्रयोग झाला होता, आणि तो मुंबईत. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ च्या सुमारास मैल्याची बंद टाकी बांधली गेली आणि तीतून निघणारा वायू दिवे लावायला वापरला गेला. हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची ती करामत. वायुनिर्मितीच्या जागतिक इतिहासात या टाकीचं नाव आजही घेतलं जातं. ते कुष्ठधाम पुढे ज्यांच्या नावाने ओळखलं गेलं ते मुंबईचे आयुक्त हॅरी अॅकवर्थ होत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह सिद्ध करणारे तेच अॅकवर्थ. वडाळ्याला आज अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. पोवाड्यांच्या अभ्यासात अॅकवर्थ हे नाव भेटतं आणि मैलापाण्याच्या इतिहासात त्यांच्या नावाची संस्था भेटते, याचा मला दर वेळी आनंद होतो.

दगडी थरांनी काम चोख केलं, पण त्यांना जागा फार लागे. एक घनमीटर दगडांवर थराला बसायला मिळतं जेमतेम पन्नास-साठ चौरस मीटर. थर वाढला की फटी बुजत, पाणी वर तुंबे, बारीक माश्यांचे थवे उठत, वास सुटे. वाढत्या शहरांना कमी जागेत भागणारं काहीतरी हवं होतं.

आता त्या फाट्याकडे येते. १९१२ मध्ये लॉरेन्सच्या केंद्रात हॅरी क्लार्क आणि स्टीफन गेज सांडपाण्यात हवा फुंकून बघत होते. त्यांच्या दोन तऱ्हा होत्या. बाटल्यांत नुसती हवा सोडली तर आत हिरवट वाढ होई आणि पाणी सुधारे. दुसऱ्या तऱ्हेत त्यांनी टाकीत छपरावर घालायच्या दगडी पाट्या साधारण एकेक इंच अंतराने उभ्या केल्या आणि त्यांच्यामधून हवा सोडली. पाट्यांवर तपकिरी थर धरला आणि पाणी काही तासांत सुधारू लागलं. दगडी थराचे जिवाणू पाण्यात बुडवलेल्या पाटीवर बसले होते आणि त्यांना हवा खालून मिळत होती. माझ्या धंद्यातली आजची सगळी यंत्रसामग्री त्या टाकीत बीजरूपाने होती: पाणी, हवा आणि जिवाणूंना बसायला जागा.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर अमेरिकेत आले होते. त्यांनी लॉरेन्सचं काम पाहिलं आणि परत गेल्यावर मँचेस्टर महापालिकेच्या डेव्हीहल्म इथल्या केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना तसेच प्रयोग करून बघायला सांगितलं. त्या दोघांनी बाटल्या घेतल्या. उजेडाने शेवाळ वाढू नये म्हणून त्यांना खाकी कागद गुंडाळला आणि हवा सोडली. पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. इथे त्यांनी जे केलं ते पूर्वी कुणी केलं नव्हतं. वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, तळाशी बसलेला गाळ मात्र तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. वेळ कमी झाला. पुन्हा तेच केलं, आणखी कमी झाला. असं करत-करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसात उरकू लागलं. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरच्या ग्रँड हॉटेलमध्ये भरलेल्या सभेत त्यांनी आपला निबंध वाचला. गाळाला त्यांनी दिलेलं 'ॲक्टिव्हेटेड स्लज' हे नाव आज सांडपाणी प्रकल्पाच्या प्रत्येक ऑपरेटरच्या तोंडी आहे.

या प्रयोगात दगडी पाट्या कुठेच नव्हत्या. त्यांची गरजच उरली नव्हती. जिवाणू एकमेकांना धरून पाण्यात तरंगणारे पुंजके करत होते. तळाशी बसवायचे आणि पंपाने परत टाकीत आणायचे, एवढं केलं की झालं. निर्णय अचूक होता. जगातल्या मोठ्या शहरांची मैलापाण्याची व्यवस्था त्याच्यावर उभी राहिली. फाउलर स्वतः १९१६ मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले आणि तिथल्या जीवरसायनशास्त्राच्या विभागाचा पाया त्यांनी घातला. जगभर गेलेल्या वाटेचा प्रवर्तक असा आपल्या देशात येऊन शिकवून गेला, आणि भारतातल्या जुन्या मोठ्या प्लँटांत ॲक्टिव्हेटेड स्लजच का दिसतो हे समजायला ही गोष्ट उपयोगी पडते.

पण सोडलेल्या वाटेची किंमत पुढे मोजावी लागली. गाळ खाली बसलाच नाही तर सगळी व्यवस्था कोसळते. तंतुमय जिवाणू माजले की गाळ फुगतो, सेटलिंग टँकमधून उतू जातो आणि टाकीतले कामकरी जिवाणूच स्वच्छ पाण्याबरोबर निघून जातात. असा दिवस ज्याने काढला आहे त्याला एमएलएसएसच्या, म्हणजे टाकीतल्या गाळाच्या प्रमाणाच्या, आकड्याची धास्ती कायमची बसते. दुसरी अडचण अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंची. हे फार सावकाश वाढतात. थंडीत तर इतके सावकाश की गाळाबरोबर जेवढे बाहेर जातात तेवढे नवे होत नाहीत, आणि एक दिवस टाकीत ते उरतच नाहीत. पाटीवर बसलेल्या जिवाणूला ही भीती नसते. पाणी निघून जातं, तो जागीच राहतो.

मधल्या काळात त्या दुसऱ्या वाटेवर कुणीच नव्हतं असं नाही. जर्मनीत १९६० च्या सुमारास मोठ्या प्लॅस्टिक चकत्या दांड्यावर फिरवून पाण्यात बुडवण्याची यंत्रं बाजारात आली. त्यांचे दांडे भाराने मोडत. नंतर स्पंजचे चौकोनी तुकडे टाकीत सोडण्याचे प्रयत्न ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत झाले. स्पंजमधला थर दाट झाला की तुकडे बाहेर काढून पिळावे लागत. वाट बरोबर होती, पण वस्तू अजून सापडली नव्हती.

ती नॉर्वेत सापडली, आणि तिथेच का, याला कारणं आहेत. नॉर्वेच्या सर्वांत मोठ्या सरोवरात, म्योसामध्ये, १९७६ मध्ये शेवाळाने पाणी माखलं. त्यानंतर सरकारने मोठी मोहीम काढून सरोवराकाठच्या गावांमध्ये फॉस्फरस काढणारे प्लँट बसवले. हे प्लँट रासायनिक होते. क्षार घालून फॉस्फरस साका करून खाली बसवायचा. थंडीमुळे ते इमारतींच्या आत बांधलेले आणि आटोपशीर. काही तर डोंगर पोखरून केलेल्या गुहांत आहेत. मग १९८७ मध्ये लंडनला उत्तर समुद्राभोवतीच्या देशांची परिषद भरली आणि १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत संवेदनशील भागांत जाणारी पोषकद्रव्यं निम्म्यावर आणायची, असं ठरलं. पोषकद्रव्यं म्हणजे फॉस्फरस आणि नायट्रोजन दोन्ही. दुसऱ्याच वर्षी, मे-जून १९८८ मध्ये, स्कागेराक आणि काटेगाटच्या समुद्रात एका सूक्ष्म शैवालाचा प्रचंड फुलोरा आला. 'क्रिसोक्रोम्युलिना पॉलिलेपिस' हे त्याचं तेव्हाचं नाव. किनाऱ्याकाठची समुद्री वनस्पती, गोगलगाई, तारामासे मेले. मत्स्यशेतीतले सामन मरू लागले तेव्हा जाळ्यांचे पिंजरे माशांसकट ओढून फ्योर्डच्या आतल्या कमी खाऱ्या पाण्यात नेले गेले. त्या फुलोऱ्याचं सगळं खापर सांडपाण्यावर फोडता येत नाही. पण लोकांनी समुद्र मरताना पाहिला होता, आणि नायट्रोजनचा प्रश्न कागदावरून त्यांच्या अंगणात आला.

नायट्रोजन काढायला सावकाश वाढणारे ते जिवाणूच लागतात. बर्फ वितळतं तेव्हा सांडपाण्याचं तापमान चार-पाच अंशांवर येतं. तिथे ॲक्टिव्हेटेड स्लज वापरायचा तर टाक्या कित्येक पट मोठ्या हव्यात, आणि प्लँट तर इमारतीत किंवा गुहेत बंदिस्त. ट्रॉनहाइमच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक हॉल्वर्ड ओडेगार्ड यांच्यापुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा पेच होता. त्यांना हवी असलेली वस्तू मी माझ्या शब्दांत सांगते. जिवाणू बसून राहतील अशी जागा हवी, पण ती तुंबता कामा नये. उलट्या पाण्याने धुण्याची गरज नको. गाळ परत आणायचा पंप नको. आणि असलेली टाकी चौकोनी असो की गोल, तिच्यातच सगळं मावलं पाहिजे. विद्यापीठ, तिथली सिंटेफ ही संशोधन संस्था आणि कालनेस ही कंपनी यांनी मिळून याचं उत्तर काढलं. कालनेस ही टॉन्सबर्ग गावातली. तिचं मूळ १८९९ मध्ये स्थापन झालेल्या, देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांचं काम करणाऱ्या गोदीत होतं. पन्नास-साठ वर्षं समुद्रातून चरबी काढायला जिने हातभार लावला त्या गोदीच्या नावाने समुद्र वाचवायची वस्तू बाजारात आली, ही घटना मला मोठी वाटते.

ती वस्तू म्हणजे पॉलिएथिलीनचा नखाएवढा तुकडा. बैलगाडीच्या चाकासारखा दिसणारा, आत अधिकच्या चिन्हासारखा आडवा-उभा आर, बाहेरच्या कडेला दाते. पहिल्या, के-१ नावाच्या मीडियाची लांबी साधारण ७ मिलिमीटर आणि व्यास ९ ते १० मिलिमीटर. घनता ०.९५, म्हणजे पाण्याहून जराशी हलकी. ही घनता विचारपूर्वक निवडलेली आहे. थर धरला की वजन पाण्याच्या जवळ येतं, आणि मग हवेच्या साध्या झोताने किंवा मिक्सरच्या पात्याने तुकडा टाकीभर फिरत राहतो. एका घनमीटरमध्ये असे दहा लाखांच्या आसपास तुकडे मावतात.

खरी हुशारी मात्र आरांत आहे. तुकडे सतत एकमेकांवर आपटतात. बाहेरच्या अंगावर थर धरू गेला तर घासून निघतो. आतल्या कप्प्यांत आपटणं पोचत नाही, पाणी आणि प्राणवायू पोचतो. म्हणून थर आत राहतो, आणि वाजवीपेक्षा जाड होऊ लागला तर आतून वाहणारं पाणी तो सोडवून नेतं. क्षेत्रफळ मोजायचं ते या आतल्या, संरक्षित पृष्ठभागाचं: के-१ च्या एका घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर. टाकीचा दोन तृतीयांश भाग, साधारण ६७ टक्के, मीडियाने भरला तर टाकीच्या दर घनमीटरमागे ३३५ चौरस मीटर मिळतं. दगडांच्या पन्नास-साठशी हे ताडून बघा. ओडेगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या तुकड्यांची तुलना प्रसिद्ध केली. तुकड्याचा आकार आणि घडण यांना स्वतंत्र महत्त्व नाही, प्रभावी क्षेत्रफळाला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विक्रेत्याने माझ्यासमोर नव्या नक्षीचा मीडिया ठेवला की मला तो निष्कर्ष आठवतो.

लॉरेन्सच्या पाट्या आणि मँचेस्टरची घुसळती टाकी इथे एकत्र आली. पाटीचे लाखो तुकडे झाले, आणि पुंजक्यांसारखे ते पाण्यात फिरू लागले.

मोठी परीक्षा लिलहॅमरला झाली. म्योसा सरोवराच्या उत्तर टोकाचं हे गाव. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथे हिवाळी ऑलिम्पिक भरलं, आणि त्याच वर्षी तिथला नायट्रोजन काढणारा प्लँट या मीडियावर सुरू झाला. एकामागोमाग एक टाक्या. काहींत हवा, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. काहींत हवा नाही, नुसते मिक्सर, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नायट्रोजन वायू हवेत सोडून देतात. शेवटी फॉस्फरससाठी रसायन. मग ऑस्लोचा नवा विमानतळ, गार्डरमोएन, १९९८ मध्ये सुरू झाला. विमानांवरचं बर्फ काढायला ग्लायकोल फवारतात, ते धुऊन पाण्यात येतं. तिथल्या प्लँटमध्ये हे ग्लायकोल नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंचं अन्न म्हणून कामाला लावलं. एका उपद्रवी पाण्याचा दुसऱ्या उपद्रवावर असा उपयोग करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यानंतर ही पद्धत युरोप, अमेरिका, चीन, भारत असं करत सगळीकडे गेली. कालनेसचा हा व्यवसाय पुढे स्वीडनच्या ॲनॉक्स कंपनीशी जोडला गेला आणि २००७ मध्ये फ्रान्सच्या व्हेओलियाकडे आला.

एक गोष्ट मात्र पाट्यांच्या काळात नव्हती. पाटी टाकीतून पळून जात नाही, मीडिया जातो. त्याला अडवून धरते ती बाहेर जाण्याच्या तोंडावरची जाळी, आणि कोटेशनमध्ये सर्वांत शेवटी, सर्वांत कमी पैशांत लिहिली जाते तीही जाळीच. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हुकसेट इथे जोराच्या पावसात प्लँटची टाकी भरून वाहिली आणि चाळीस ते ऐंशी लाख प्लॅस्टिक चकत्या नदीत गेल्या. नदी मेरिमॅक. चकत्या लॉरेन्सवरून वाहत समुद्राला मिळाल्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यांवर लोकांनी त्या कित्येक दिवस वेचल्या. ज्या काठावर पाणी स्वच्छ करण्याचं शास्त्र घडलं तिथूनच हा कचरा गेला, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. २०१८ मध्ये इटलीत पेस्टमजवळच्या एका प्लँटमधून असंच झालं आणि इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर दूरदूरपर्यंत चकत्या सापडल्या.

आपल्याकडे ही पद्धत आली ती समुद्रासाठी नव्हे, जागेसाठी. २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेने २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागू केली, आणि मोठ्या गृहप्रकल्पांत स्वतःचा सांडपाणी प्रकल्प ओघानेच आला. जागा मिळाली तळघरात, पार्किंगच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी. कमी जागेत बसणारी आणि गाळ परत फिरवण्याची कटकट नसलेली पद्धत बिल्डरांना हवीच होती. गुहेतल्या नॉर्वेजियन प्लँटची अडचण आणि पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडच्या तळघराची अडचण एकाच जातीची, म्हणून मीडिया इथे रुजला यात मला काही वावगं दिसत नाही.

वावगं दिसतं ते दुसरंच. एका पुरवठादाराने ५०० चौरस मीटरचा म्हणून दिलेला मीडिया मी मोजला तेव्हा त्यात बाहेरचं अंगही धरलेलं होतं. आतलं संरक्षित क्षेत्रफळ फार कमी भरलं. काही ठिकाणी रीसायकल केलेल्या प्लॅस्टिकचा मीडिया येतो, त्याची घनता गोणीगणिक बदलते, काही तळाशी बसतो, काही कधीच बुडत नाही. काही ठिकाणी रेखाटनात मीडियाचा भराव एक लिहिलेला आणि टाकीत त्याच्या निम्मा. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवतात. सकाळी आतला थर काळा पडलेला, कुजकट वासाचा. आणि गाळ परत फिरवायचा नाही म्हणजे गाळ होतच नाही, असा समज तर जवळपास सगळीकडे आहे. थर सुटून येतोच. तो ट्यूब सेटलरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, बसतो आणि वेळेवर काढला नाही तर फिल्टरपर्यंत पोचतो. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. मी टाकीच्या कठड्यावर उभं राहून सांगते, मीडिया हातात देऊन, आतलं आणि बाहेरचं अंग बोटाने दाखवून. एकदा कळलं की ही माणसं टाकीचा रंग आणि वास माझ्याआधी ओळखतात.

सध्या हाती असलेलं काम एका जुन्या सोसायटीचं आहे. ॲक्टिव्हेटेड स्लजची टाकी, घरं वाढलेली, संमतिपत्रातली बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची, मर्यादा आता लिटरमागे १० मिलिग्रॅमवर आलेली, आणि नवी टाकी बांधायला इंचभर जागा नाही. त्या टाकीत अर्ध्याच्या जवळ मीडिया टाकावा, असा प्रस्ताव मी दिला आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे: स्टेनलेस स्टीलची जाळी, फटी मीडियाच्या सर्वांत लहान मापाहून बारीक, आणि पावसाळ्यातल्या जास्तीत जास्त पाण्याला पुरेल इतकं जाळीचं क्षेत्रफळ. मीडियाची किंमत दुसऱ्या पानावर आहे, आणि तिच्यापुढे फक्त आतल्या क्षेत्रफळाचा आकडा. कमिटीच्या बैठकीत एका आजोबांनी विचारलं, गोण्या रिकाम्या केल्यावर पाणी कधी सुधारेल? मी म्हटलं, आधी तीन आठवडे काहीच दिसणार नाही, तेवढे दिवस ब्लोअरला कुणी हात लावू नका.